शर्यतीच्या शिडाची लीच वरच्या बाजूला सैल का ठेवतात? पीळ, उंची आणि कॅम्बर यांविषयी प्रश्न

मतलई (प्रश्न)

नमस्कार. विंडसर्फिंगमध्ये आतापर्यंत मी कॅम्बर (शिडाच्या पट्ट्या डोलकाठीवर धरून ठेवणारे तुकडे) नसलेली साधी शिडे वापरत आलो आहे आणि आता स्लॅलम शर्यतींसाठी ७.८ चौरस मीटरचे शर्यतीचे शीड घेण्याचा विचार करतो आहे. त्यासाठी दोन-तीन शिडे जमिनीवर उभारून पाहिली, तेव्हा एक गोष्ट माझ्या मनाला पटेना. शिडावर दिलेल्या खुणेपर्यंत डाउनहॉल (शीड खाली ताणणारी दोरी) ओढला, की मागची कड, म्हणजे लीच, वरच्या दोन-तीन बॅटनांच्या (शिडातल्या आडव्या ताठ पट्ट्यांच्या) दरम्यान अगदी सैल पडते. पाण्यावर गेल्यावर हाच भाग वाऱ्याच्या झोतासरशी बाहेर वळतो आणि वारा सोडून देतो. वरच्या एक तृतीयांश कापडाने ओढ द्यायचीच नसेल, तर ते कापून टाकून घट्ट लीचचे, बुटके, ६.८ चौरस मीटरचे शीड का शिवत नाहीत? त्याला डोलकाठी आखूड लागेल, वजन कमी होईल आणि पाण्यातून उचलायलाही ते सोपे जाईल.

दुसरी शंका फॉइलच्या, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलल्या जाणाऱ्या फळीच्या, शिडांविषयी आहे. तेच शीड आखणारे फॉइल शर्यतीसाठी शीड आखतात तेव्हा ते उंच आणि अरुंद करतात, बूम (हातात धरायची आडवी दांडी) आखूड ठेवतात आणि लीचही बरीच घट्ट राखतात. स्लॅलममध्ये जे चूक ठरते ते फॉइलवर बरोबर कसे ठरते, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि दोन कॅम्बर व चार कॅम्बर यांतला फरक केवळ वेगाचा आहे की वापरण्याच्या सोयीचाही आहे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

खारावारा

वरचा भाग काम करत नाही, हे तुमचे गृहीतक आधी तपासू या.

जोराच्या वाऱ्यात कोणतेही शीड गरजेपेक्षा जास्तच बल निर्माण करते. त्यामुळे शर्यतीत मर्यादा शिडाची नसते. फळीवर उभा असलेला माणूस त्यातले किती बल पेलू शकतो, याची असते. शीड आपल्याला वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाडू पाहते आणि आपण हार्नेसला (कमरेला बांधून बूमला अडकवायच्या पट्ट्याला) लटकून, अंग वाऱ्याकडे बाहेर काढून ते रोखून धरतो. म्हणजे आपल्याला तोलायचा असतो तो आघूर्ण, बल आणि त्या बलाची पायथ्यापासूनची उंची यांचा गुणाकार. ८० किलो वजनाच्या माणसाचा गुरुत्वमध्य डोलकाठीच्या पायथ्यापासून एक मीटर बाहेर आहे असे धरले, तर तो सुमारे ७८५ न्यूटन-मीटर आघूर्ण तोलू शकतो. शिडाचा बलमध्य (जिथे सगळे बल एकवटले असे धरता येते तो बिंदू) दोन मीटर उंचीवर असेल, तर त्याला साधारण ३९० न्यूटन बल पेलता येते. तोच बलमध्य १.७ मीटरवर आणला, तर माणूस तोच, वजन तेच आणि पेलता येणारे बल मात्र ४६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के अधिक. शिडाचा आणि अंगाचा कल मी या हिशेबात धरलेला नाही, पण मुद्दा त्याने बदलत नाही. वरचा भाग सैल सोडण्याचा पहिला हेतू बलमध्य खाली आणणे हा आहे.

यावर तुम्ही म्हणाल की बुटक्या शिडाचाही बलमध्य खालीच असतो. ते खरे आहे, पण बुटके शीड तेवढेच बल निर्माण करताना अधिक रोध (हवेचा अडथळा) घेऊन येते. शिडाच्या टोकाशी दाबाखालची हवा दुसऱ्या बाजूला वळते, तिथे भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्यात ऊर्जा जाते. याला प्रेरित रोध म्हणतात. बल तेवढेच ठेवले, तर हा रोध उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे उंची थोडी कमी केली तरी त्याची किंमत बरीच मोजावी लागते.

विमानाच्या पंखांच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर जर्मन वायुगतिकीतज्ज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९३३ मध्येच दिले होते. पंखाची लांबी ठरलेली असेल, तर लिफ्टची (पंखाच्या उचलणाऱ्या बलाची) लंबवर्तुळाकार विभागणी सर्वांत कमी प्रेरित रोध देते, हे तेव्हा ठाऊक होते. प्रांटल यांनी प्रश्न बदलला: लांबी मोकळी सोडून पंखाच्या रचनेवर येणारा वाकवणारा भार ठरलेला असेल, तर काय करावे? उत्तर असे निघाले की पंख सुमारे २२ टक्के लांब करावा आणि टोकाकडची लिफ्ट घंटेच्या आकाराप्रमाणे हळूहळू शून्यावर आणावी; तसे केल्यास प्रेरित रोध सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. अमेरिकी वायुगतिकीतज्ज्ञ रॉबर्ट जोन्स यांनी १९५० मध्ये पंखाच्या मुळाशी येणारा आघूर्ण ठरलेला धरून असाच प्रश्न सोडवला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. आपल्या बाबतीत पंखाच्या मुळाशी माणूस आहे, एवढाच फरक. तेव्हा उंच आणि वर हलकेच भारलेले शीड हे बुटक्या व पूर्ण भारलेल्या शिडापेक्षा त्याच माणसाच्या हाती कमी रोधात तेवढेच बल देते. तुम्ही कापू पाहता तो भाग भोवरा दूर नेण्याचे आणि त्याचा जोर कमी करण्याचे काम करत असतो.

आता झोताचा विचार करा. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिडावर येणारा वारा २० नॉटवरून २५ नॉटवर गेला, तर बल ५६ टक्क्यांनी वाढते आणि ही वाढ एखाद्या सेकंदात येते. घट्ट लीचच्या शिडावर ती सगळी तुमच्या हातांवर येते आणि तुम्हाला मागचा हात सोडून शीड उघडावे लागते; तोवर फळीचे नाक वर आलेले असते आणि वेग गेलेला असतो. सैल लीचच्या शिडावर डोलकाठीचे टोक वाकते, वरचे बॅटन बाहेर वळतात, तिथला वाऱ्याशी होणारा कोन घटतो आणि वाढीव बलाचा मोठा हिस्सा तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच निघून जातो. झोत ओसरला की टोक परत येते. हे हातांना जमण्यापेक्षा कितीतरी लवकर घडते, आणि माझ्या मते शर्यतीच्या शिडाच्या आखणीतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

वेगाच्या विक्रमांसाठीची शिडेही याच तत्त्वावर बेतलेली असतात. फ्रेंच विंडसर्फर आंत्वान अल्बो यांनी २०१५ मध्ये नामिबियातील ल्यूडेरिट्झच्या कालव्यात ५०० मीटरांवर ५३.२७ नॉटचा वेग नोंदवला. इतक्या वेगात शीड हाताने क्षणोक्षणी नीट करणे शक्य नसते. ते स्वतःहून स्थिर राहिले, तरच माणूस फळी सरळ ठेवू शकतो.

उधाण

खारावारा यांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु पिळाचे, म्हणजे शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक बाहेर वळण्याचे, एक कारण त्यातून राहून गेले आहे आणि ते लक्षात घेतल्याशिवाय फॉइलविषयीच्या शंकेचे उत्तर मिळत नाही.

पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जाताना त्याचा वेग वाढतो. वाढीचा घातांक एक दशांश धरला, तर एक मीटर उंचीवर १२ नॉट असलेला वारा पाच मीटरवर सुमारे १४.१ नॉट असतो. शिडाला मात्र नुसता हा वारा लागत नाही. फळीच्या वेगामुळे समोरून येणारा वारा त्यात मिसळतो आणि दोहोंचा मिळून सापेक्ष वारा तयार होतो. खाली आणि वर खरा वारा वेगळा असल्यामुळे या सापेक्ष वाऱ्याची दिशाही खाली-वर वेगळी असते. म्हणून शिडाला थोडा पीळ हवाच, अगदी माणसाच्या तोलाचा प्रश्न नसता तरीही. प्रश्न किती, एवढाच आहे.

तीन उदाहरणे मी मांडून पाहिली. स्लॅलममध्ये खऱ्या वाऱ्याशी १२० अंशांचा कोन करून, २० नॉट वाऱ्यात ३० नॉट वेगाने धावणारी फळी घ्या. खालच्या बाजूला सापेक्ष वारा सुमारे २६.५ नॉट आणि ४१ अंशांवरून येतो. पाच मीटर उंचीवर तो सुमारे ४८ अंशांवरून येतो. म्हणजे वाऱ्याला स्वतःलाच सात अंशांचा पीळ हवा आहे. फॉइलवर १२ नॉट वाऱ्यात, ५० अंशांवर, १८ नॉट वेगाने वाऱ्याकडे चढताना सापेक्ष वारा खाली सुमारे २० अंशांवर आणि वर सुमारे २२ अंशांवर असतो, म्हणजे फरक जेमतेम दोन अंशांचा. तीच फळी १४० अंशांवर २२ नॉट वेगाने वाऱ्याबरोबर खाली उतरताना खाली ३१ आणि वर ३९, म्हणजे फरक आठ अंशांचा.

यावरून तुमच्या प्रश्नातला विरोध बराचसा सुटतो. वाऱ्याकडे चढताना वाऱ्याला पीळ फारसा नको असतो. तिथे लीच फार सैल असेल, तर वरचा भाग लिफ्ट न देता फडफडतो आणि त्याचा रोध मात्र भोगावा लागतो. फॉइलची शर्यत चढण आणि उतरण अशा दोन टप्प्यांत होते व चढण निर्णायक असते, म्हणून तिची लीच घट्ट असते. स्लॅलममध्ये सगळी धाव आडव्या ते उतरत्या वाऱ्यात होते, म्हणून तिथे वारा आणि माणूस दोघेही पीळ मागतात. उलट, फॉइलवर उतरताना शीड जरा घट्टच पडते, आणि तो तोटा शर्यतपटू पत्करतात. काही प्रमाणात ते त्याची भरपाई आउटहॉल (शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी) सैल करून करतात, त्यासाठी बूमवर धावतानाच ओढता-सोडता येईल अशी दोरी बसवलेली असते. पण आउटहॉलने फुगवटा वाढतो, पीळ तितकासा बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत मात्र मी खारावारा यांच्यापेक्षा सावध राहीन. प्रांटल यांचे गणित सरळ, कडक पंखाचे आहे. शिडाखालून हवा जाते, शिडाचा पाय फळीला टेकवला की तिथली गळती थांबते, डोलकाठी वाऱ्याकडे कललेली असते. दिशा तीच राहते हे मान्य, पण त्यातले टक्के जसेच्या तसे शिडाला लावू नयेत.

पुळण

मी मुख्यतः फॉइलवरच असतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

फॉइलचे शीड उंच असू शकते याचे एक साधे कारण असे की तिथे माणसाची तोलण्याची क्षमताच जास्त असते. शर्यतीची फॉइल फळी मागच्या बाजूला रुंद असते, पायपट्टे अगदी कडेला असतात आणि पाय डोलकाठीच्या रेषेपासून दूर पडतात. शिवाय फॉइलवर फळी वाऱ्याकडे कलवून चालवतात. त्या कलामुळे शीडही वाऱ्याकडे झुकते आणि त्याच्या बलाचा काही अंश वरच्या दिशेने मिळून वजन हलके होते. तरफेची भुजा वाढली की बलमध्य वर गेलेला परवडतो, आणि उंच शिडाचा कमी रोध पदरात पाडून घेता येतो. फिनवर, म्हणजे फॉइल नसलेल्या साध्या फळीवर, हाच रोध पाण्याच्या मोठ्या रोधापुढे लहान वाटतो. फॉइलमुळे फळी पाण्याबाहेर आल्यावर पाण्याचा रोध इतका घटतो की शिडाचा रोध एकदम डोळ्यांत भरतो. उंच शीड शिवायला सगळे आता तयार झाले, ते यामुळे.

आखूड बूमचे कारण वेगळे आहे. फॉइलवर फळीची पाण्यापासूनची उंची पुढे-मागे तोलावर ठरते. रुंद शिडाचा बलमध्य झोतात मागे सरकला, की डोलकाठीच्या पायथ्यावरचा दाब बदलतो, फॉइल वर चढते आणि पंख पाण्याबाहेर येऊन फळी आदळते. अरुंद शिडात बलमध्याला सरकायला जागाच थोडी असते. जाइब करताना (वाऱ्याला पाठ देऊन वळताना) आखूड बूम चटकन फिरते, हा लाभ दुय्यम असला तरी शर्यतीत तो मोलाचा ठरतो.

लीच घट्ट असण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे, ते म्हणजे पंपिंग. हलक्या वाऱ्यात फळी पाण्याबाहेर काढण्यासाठी शीड जोराने ओढून हवा मागे ढकलावी लागते. लीच सैल असेल तर प्रत्येक ओढीतली बरीच मेहनत वरचा भाग उघडण्यातच जाते. ज्याचे पंपिंग चांगले आहे त्याला घट्ट आणि हलके शीड हवेसे वाटते. झोताळ वाऱ्यात तेच शीड त्याचे हात लवकर थकवते.

मतलई

आपणा तिघांचेही आभार. उधाण यांच्या तीन उदाहरणांनी माझी दुसरी शंका जवळजवळ पूर्ण मिटली. आता कॅम्बरविषयी कोणी लिहील का? माझे वजन सुमारे ७० किलो आहे, पाणी बहुधा खवळलेले असते, आणि शीड पाण्यात पडल्यावर वारंवार उचलावे लागेल, हे मी धरून चाललो आहे. डोलकाठी माझ्याकडे आधीची आहे, तीच चालेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

शीडकाम

मी शिडे दुरुस्त करतो आणि काही प्रमाणात शिवतोही, म्हणून माझे म्हणणे कापडाच्या आणि काठीच्या बाजूने आहे. आधी डोलकाठीविषयी लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे असतात.

शर्यतीच्या शिडाचा आकार दोन ठिकाणांहून येतो. एक, कापडाचे तुकडे जोडताना शिवणींना दिलेला बाक. दुसरे, पुढच्या कडेची, म्हणजे लफची, वक्रता. डोलकाठी सरळ असताना लफ पुढे फुगलेली असते. डाउनहॉल ओढला की काठी वाकते आणि त्या वक्रतेत बसते. काठीचा वाक आणि लफची वक्रता यांत जो फरक उरतो, त्यातून फुगवटा तयार होतो. आणि काठीचे टोक जितके मागे जाते, तितकी लीच सैल पडते. म्हणजे ज्या पिळावर वरती इतकी चर्चा झाली, तो शिवणकाराने शिडात आणि काठी बनवणाऱ्याने काठीत, असा दोन ठिकाणी साठवलेला असतो. दोघांचे जमले नाही, तर उत्तम शीडही वाईट चालते.

काठीचा ताठपणा आयएमसीएस या अंकाने सांगतात: दोन्ही टोके टेकवून मध्ये ३० किलो वजन टांगायचे आणि काठीच्या लांबीला मध्यभागी आलेल्या झुकावाने भागायचे. ४६० सेंटिमीटरच्या काठीचा अंक साधारण २५ असतो, ४३० ची २१ आणि ४९० ची २९. हा अंक जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. तोच अंक असलेल्या दोन काठ्या वेगळ्या ठिकाणी वाकू शकतात: एकीचे टोक कडक असते, दुसरीचे मऊ. कडक टोकाच्या काठीसाठी आखलेले शीड मऊ टोकाच्या काठीवर चढवले, तर वरचा भाग गरजेहून जास्त उघडतो आणि खालचा फुगवटा जागेवर राहत नाही. मग माणूस डाउनहॉल कमी करतो, शीड जड होते, आणि दोष शिडाला देतो. तुमची जुनी काठी कोणत्या वाकाची आहे हे ठाऊक नसेल, तर शिडाबरोबर त्याच्या उत्पादकाने सुचवलेली काठी घेणे शहाणपणाचे आहे. जाड व्यासाच्या काठीसाठी शिवलेल्या शर्यतीच्या शिडात बारीक व्यासाची काठी घालण्याचा विचारही करू नये. कॅम्बर तिच्यावर नीट बसत नाहीत.

आता कॅम्बर. उघड्या डोलकाठीमागे पातळ कापड लावले, तर काठीवरून घसरणारी हवा लगेच कापडाला चिकटत नाही. मध्ये एक सुटलेल्या प्रवाहाचा पट्टा राहतो. कॅम्बर हा बॅटनच्या टोकाला बसणारा, काठीला मिठी मारणारा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो बॅटनला काठीच्या एका बाजूला धरून ठेवतो, आणि त्याभोवतीची रुंद लफपिशवी काठीला झाकून विमानाच्या पंखासारखी गोल, गुळगुळीत पुढची कड तयार करते. १९८० च्या दशकात ही युक्ती आली आणि शर्यतीत ती टिकून राहिली. तिचा लाभ दुहेरी आहे: रोध कमी होतो, आणि फुगवटा वारा कमी-जास्त झाला तरी जागा सोडत नाही. दुसरा लाभ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साधे शीड झोतात फुगवटा मागे नेते आणि तुमचा मागचा हात ओढला जातो. कॅम्बरचे शीड तो पुढेच राखते.

किंमतही लहान नाही. प्रत्येक कॅम्बर जाइबमध्ये एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उलटला पाहिजे, आणि हलक्या वाऱ्यात तो हट्टाने अडून बसतो. शिडाला एक झटका द्यावा लागतो. रुंद पिशवीत पाणी भरते आणि ते निथळेपर्यंत शीड उचलणे कष्टाचे होते. चार कॅम्बरच्या शिडावर हे सगळे चौपट होत नाही, पण दोन कॅम्बरच्या शिडापेक्षा ते लक्षात येण्याइतके जास्त असते. खवळलेल्या पाण्यात, ७० किलो वजनात आणि वारंवार पाण्यात पडण्याच्या शक्यतेत मी तुम्हाला दोन किंवा फार तर तीन कॅम्बर आणि मध्यम रुंदीच्या पिशवीचे शीड सुचवीन. सरळ धावेत चार कॅम्बरचे शीड तुमच्या पुढे जाईल, हे खरे आहे. पण जाइब करून बाहेर पडताना जो आधी वेग घेतो तो पुढच्या खुणेपर्यंत पुढे राहतो, आणि उचलायला सोपे शीड तुम्हाला एका दिवसात अधिक जाइब करू देते.

कापडाविषयी थोडेच सांगतो. मोनोफिल्म, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म, हलकी असते, सर्व दिशांना सारखीच आणि फार कमी ताणली जाते, म्हणून आखलेला आकार टिकतो. शर्यतीच्या शिडांत ती साधारण ०.१ ते ०.१८ मिलिमीटर जाडीची वापरतात. पण उन्हाने ती ठिसूळ होते आणि एकदा चीर पडली की ती चीर बॅटनपासून बॅटनपर्यंत धावते. धाग्यांची जाळी घातलेले कापड जड असते, पण चीर जाळीपाशी थांबते. वजन वरच्या भागात असेल तर ते अधिक जाणवते, त्यामुळे चांगला शिवणकार वरती हलकी फिल्म आणि पायाजवळ, जिथे फळीवर घासले जाते तिथे, जाळीचे कापड वापरतो. शीड नेहमी गुंडाळून ठेवावे, घडी घालू नये, आणि वापर संपला की उन्हात उभे ठेवू नये.

मतलई

काठीविषयीचा मुद्दा माझ्या ध्यानात आलाच नव्हता, त्याबद्दल विशेष आभार. एक शेवटचा प्रश्न: ७.८ हे एकच शीड घेऊन वर्षभर शर्यतीत उतरलो, तर फार अडचण येईल का? काही वर्गांत सर्वांना एकाच आकाराचे शीड असते, ते कसे निभावते?

उधाण

एकाच शिडावर चालणाऱ्या वर्गांचा इतिहास पाहिला तर उत्तर मिळते. ऑलिंपिकमध्ये १९९६ ते २००४ या काळात मिस्ट्रल वन डिझाइन या फळीवर ७.४ चौरस मीटरचे शीड असे. २००८ ते २०२० च्या स्पर्धांत आरएस:एक्सवर पुरुषांना ९.५ आणि महिलांना ८.५, आणि २०२४ मध्ये मार्सेय येथे झालेल्या शर्यतींत आयक्यूफॉइलवर ९ आणि ८. शीड एकच असले की आखणाऱ्याला टोकाची निवड करता येत नाही: हलक्या वाऱ्यात पंपिंगने फळी उठली पाहिजे आणि जोराच्या वाऱ्यात तेच शीड आवरले पाहिजे. म्हणून तिथे डाउनहॉल आणि आउटहॉल यांची मोठी कक्षा असलेली शिडे लागतात आणि खेळाडूंचे वजनही हळूहळू एका ठरावीक पट्ट्याकडे झुकते. याउलट फॉर्म्युला विंडसर्फिंगसारख्या वर्गात शीड १२.५ चौरस मीटरपर्यंत आणि फिन ७० सेंटिमीटरपर्यंत, अशा मर्यादा घालून आतली निवड मोकळी ठेवली होती. तिथे खेळाडू वाऱ्याप्रमाणे शीड बदलत आणि प्रत्येक शीड आपल्या पट्ट्यात फार चांगले चाले.

स्लॅलम दुसऱ्या प्रकारात मोडते. ७० किलो वजनाला ७.८ हे मध्यम वाऱ्याचे शीड आहे. वारा २० नॉटच्या वर गेला की डाउनहॉल कितीही ओढला तरी ते आवरणे कठीण जाईल; त्यापुढे तुम्हाला ७ किंवा ६.२ च्या आसपासचे शीड लागेल. दुसरे शीड घ्याल तेव्हा ते ४६० च्या काठीवर किंवा ४३० वर चढणारे, आणि त्याच उत्पादकाचे घ्या, म्हणजे काठ्यांचा वाक पुन्हा जुळवत बसावे लागणार नाही.

शीडकाम

यात एवढीच भर घालतो. शीड ताब्यात घेण्याआधी ते पूर्ण उभारून आडवे ठेवा आणि डाउनहॉल खुणेपर्यंत ओढल्यावर दोन्ही बाजूंना हाताने कॅम्बर उलटवून पाहा. एखादा अडत असेल, तर त्यामागे घालायच्या पातळ चकत्या काढून किंवा त्या बॅटनचा ताण कमी करून तो मोकळा होतो का, हे तिथेच तपासा. तो मोकळा होत नसेल, तर काठी आणि शीड यांचा मेळ नाही असे समजून दुसरी काठी लावून पाहा.

खारावारा

आणि पाण्यावर गेल्यावर पहिल्या दिवशी डाउनहॉल तीन वेगवेगळ्या खुणांवर ठेवून त्याच वाऱ्यात धावून पाहा. प्रत्येक वेळी झोत आला की नजर वर टाका. लीच वरच्या बॅटनपासून खालपर्यंत क्रमाने उघडत गेली, तर ओढ बरोबर आहे. वरचा भाग झोत नसतानाही सतत फडफडत असेल आणि तो फडफडाट बूमच्या जवळ पोचत असेल, तर डाउनहॉल जास्त झाला आहे. एक-दोन सेंटिमीटर सोडून पुन्हा पाहा, कारण शर्यतीच्या शिडावर तेवढ्यानेही फरक जाणवतो.